एक जण रुग्णापाशी, एक जण कागदापाशी



आरोग्य विम्याविषयी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत पूर्वी एकच प्रश्न असायचा : कोणती पॉलिसी घ्यावी? अलीकडे दुसऱ्याच प्रकारची पत्रे वाढली आहेत. ‘अम्मीला कॅन्सर निघाला. पॉलिसी आहे, पण पुढे काय करायचे ते कळत नाही.’ ‘अब्बांचे डायलिसिस चालू आहे आणि कंपनीने क्लेम अडवला आहे.’ ‘भाऊ कुवेतहून पैसे पाठवतो, पण इथे कागद बघायला कुणी नाही.’ म्हणजे पॉलिसी घेऊन झाली आहे, हप्ते भरून झाले आहेत आणि आता खरी गरज पडली तेव्हा घर गोंधळून गेले आहे. या महिन्याचे सदर अशा घरांसाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. मोठा आजार आला की आपल्याकडे अख्खे खानदान इस्पितळात जमते. कुणी डबा आणतो, कुणी रक्त देतो, कुणी रात्रभर बाकावर बसतो. ही आपल्या घरांची मोठी दौलत आहे. पण या सगळ्यांत कागद कुणाच्याच हातात नसतो. पॉलिसी कपाटात, रिपोर्ट भाभीच्या पर्समध्ये, बिले खिशाखिशांत. पहिल्याच दिवशी घरच्यांनी बसून ठरवावे की रुग्णापाशी कोण थांबणार आणि कागदापाशी कोण. कागद बघणारा फार शिकलेला नसला तरी चालेल. तो शांत डोक्याचा हवा आणि फोन उचलणारा हवा. पुष्कळ घरांत हे काम कॉलेजात जाणारी मुलगी सर्वांत चांगले करते, असा आमचा अनुभव आहे.

पहिल्या आठवड्यातली कामे

निदान झाले की पहिले काम म्हणजे पूर्ण पॉलिसी वाचणे. खिशातले कार्ड म्हणजे पॉलिसी नव्हे. अटींची पुस्तिका हातात नसेल तर कंपनीकडून ईमेलवर मागवावी. त्यात पाच गोष्टी शोधून वहीत लिहून ठेवाव्यात : विम्याची एकूण रक्कम किती, खोलीभाड्याची मर्यादा किती, आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ किती, या आजारावर वेगळी उपमर्यादा आहे का, आणि नूतनीकरणाची तारीख कोणती.

मग एक जाड फाईल करावी. पहिल्या तपासणीपासूनची प्रत्येक चिठ्ठी तारखेप्रमाणे लावावी. बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळे त्यात. अँजिओप्लास्टी झाली असेल तर स्टेंटचे स्टिकर आणि त्याचे बिलही. भरती होण्यापूर्वीचा आणि घरी आल्यानंतरचा ठरावीक काळाचा खर्च पॉलिसीत धरलेला असतो. पुष्कळ पॉलिसींत तो आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस असा असतो. सुरुवातीच्या तपासण्यांची बिले फेकून दिली तर हे पैसे हातचे जातात.

मूळ कागद कंपनीकडे देण्यापूर्वी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवावा. दुसरा क्लेम करताना, तक्रार करताना किंवा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना हेच कागद पुन्हा लागतात.

नावाचा घोळ

ही अडचण आपल्या घरांत जरा जास्तच आहे. आधारवर ‘मोहम्मद’, पॉलिसीवर ‘महंमद’ आणि इस्पितळाच्या केसपेपरवर नुसते ‘मो.’. कुठे आडनाव शेख आधी, कुठे शेवटी. भगिनींचे तर आणखी अवघड. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, नवऱ्याचे नाव रेशनकार्डावर, कुठे ‘बी’ जोडलेले, कुठे ‘बानो’. वृद्धांच्या जन्मतारखा तर अंदाजानेच घातलेल्या, बहुधा १ जून किंवा १ जानेवारी.

घरात सगळ्यांना ठाऊक असते की ही एकच व्यक्ती आहे. क्लेम तपासणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसते. म्हणून भरती करतानाच आधार आणि पॉलिसी समोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून लिहायला सांगावे. पॉलिसीतच चूक असेल तर कंपनीला आधीच अर्ज देऊन दुरुस्ती करून घ्यावी. डिस्चार्ज झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम फार सोपे आहे.

खरे सांगा, नेमके सांगा

क्लेम नाकारण्याचे एक नेहमीचे कारण असे असते : ‘रुग्णाला आधीपासून आजार होता आणि तो पॉलिसी घेताना सांगितला नाही.’ याला दोन बाजू आहेत.

पहिली बाजू आपली. फॉर्म भरताना एजंट म्हणतो, ‘शुगर-बीपी लिहू नका, उगाच हप्ता वाढेल.’ आपण मान डोलावतो. हा करार आहे आणि करारात माहिती लपवणे दीनच्या दृष्टीने आणि कायद्याच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. शिवाय नुकसान एजंटचे होत नाही, आपले होते. आजार सांगितला तर थांबण्याचा काळ लागतो, पण नियमाप्रमाणे तो आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे. लपवला तर मात्र टांगती तलवार राहते.

दुसरी बाजू इस्पितळातली. भरतीच्या गडबडीत डॉक्टर विचारतात, ‘बीपी किती दिवसांपासून?’ घाबरलेला नातेवाईक सांगून टाकतो, ‘पुष्कळ वर्षं झाली, दहा तरी असतील.’ खरे तर गोळी सुरू होऊन चार वर्षे झालेली असतात. ते ‘दहा वर्षे’ केसपेपरवर जाते, तिथून डिस्चार्जच्या कागदावर आणि तिथून कंपनीच्या पत्रात. सहा वर्षांपूर्वी पॉलिसी घेतलेला प्रामाणिक माणूस या एका वाक्यामुळे खोटा ठरतो. म्हणून रुग्णाचा इतिहास सांगणारा माणूस एकच असावा. त्याने जुनी चिठ्ठी पाहून सांगावे आणि नक्की माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही’ असेच म्हणावे. चुकीचे लिहिले गेले असेल तर पहिल्या औषधाची जुनी चिठ्ठी दाखवून डॉक्टरांकडून सही-शिक्क्याचे दुरुस्तीपत्र घ्यावे.

इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॉलिसी सलग ६० महिने, म्हणजे ५ वर्षे चालू राहिली असेल तर त्यानंतर ‘माहिती दिली नव्हती’ एवढ्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ठरवून केलेली फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. मध्ये विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेसाठी ५ वर्षे नव्याने मोजली जातात.

खोली निवडताना

आपल्या माणसाला चांगल्या खोलीत ठेवावे असे कुणाला वाटत नाही? पण हा निर्णय वहीतला आकडा पाहूनच करावा. समजा, विमा ५ लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोजची ५ हजार आहे. आपण १० हजारांची खोली घेतली आणि ८ दिवस राहिलो. खोलीचे बिल ८० हजार, त्यातले ४० हजारच मिळणार, हे समजते. पण गोष्ट तिथे थांबत नाही. अशा पॉलिसीत सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. ते २ लाख झाले असतील तर त्यातलेही १ लाखच मिळतात. खोलीतल्या सोफ्यापायी १ लाख ४० हजार रुपये घरातून गेले. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लागू नाही, एवढीच सवलत. ज्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादाच नाही तिथे हा प्रश्न येत नाही.

कॅशलेस आणि डिस्चार्ज

ठरवून केलेले ऑपरेशन असेल तर दोन-तीन दिवस आधी, आणि तातडीने भरती झाली असेल तर २४ तासांत कंपनीला कळवावे, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. इस्पितळातल्या विमा कक्षातून, ज्याला सगळे टीपीए डेस्क म्हणतात, कॅशलेसचा अर्ज जातो. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, मे २०२४च्या परिपत्रकात सांगितले आहे की कॅशलेसच्या मागणीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यावा आणि इस्पितळाने डिस्चार्जची विनंती पाठवल्यावर ३ तासांत अंतिम मंजुरी द्यावी. कंपनीच्या उशिरामुळे इस्पितळाने जादा पैसे आकारले तर ते कंपनीने सोसायचे आहेत. म्हणून ‘मंजुरी आली नाही, थांबा’ असे सांगितले गेले की अर्ज किती वाजता पाठवला, ते विचारून वहीत लिहावे.

त्याच परिपत्रकातली आणखी एक सूचना प्रत्येक घराला माहीत असावी. अल्लाह न करो, पण उपचार चालू असताना रुग्णाचा इंतकाल झाला तर कंपनीने क्लेमचा निर्णय तातडीने करायचा आहे आणि मय्यत लगेच ताब्यात मिळेल असे पाहायचे आहे. दफनाला उशीर होऊ नये ही आपली तळमळ असते. अशा वेळी वाद घालण्याची ताकद कुणात नसते, पण हा नियम शांतपणे सांगता येतो.

कॅशलेस नाकारले गेले तरी घाबरू नये. कॅशलेसला नकार म्हणजे क्लेमला नकार नव्हे. पैसे भरून नंतर परतफेडीचा क्लेम करता येतो. त्यासाठी पॉलिसीत मुदत दिलेली असते, ती पाळावी. रुग्णाच्या गंभीर अवस्थेमुळे उशीर झालाच तर कारण लिहून, पुरावा जोडून क्लेम पाठवावा. उशिराचे कारण खरे असेल तर तेवढ्यावरून क्लेम फेटाळणे योग्य नाही, असे प्राधिकरणाने कंपन्यांना बजावलेले आहे.

लांबणारा उपचार

कॅन्सर, किडनी, हृदय यांचे उपचार महिनोन्महिने चालतात. किमो, रेडिएशन, डायलिसिस यांसाठी २४ तास भरती राहण्याची गरज नसते, ते डे-केअरमध्ये मोडतात. तोंडाने घ्यायच्या किमोच्या गोळ्या आणि इम्युनोथेरपीची इंजेक्शने हे उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत, पण त्यांवर उपमर्यादा असू शकते. ती किती, हे उपचार सुरू होण्याआधी कंपनीला ईमेलने विचारावे आणि उत्तर फाईलमध्ये लावावे. दर किमोनंतर ‘एवढे वापरले, एवढे उरले’ हा हिशेब वहीत असावा. एका वर्षाची रक्कम कधी संपेल याचा अंदाज डॉक्टरांनाही द्यावा. पुष्कळ डॉक्टर त्याप्रमाणे औषधाचा दुसरा पर्याय किंवा दुसरे इस्पितळ सुचवतात.

या काळात सर्वांत मोठा धोका म्हणजे नूतनीकरणाची तारीख चुकणे. घर किमोच्या तारखा मोजत असते आणि हप्त्याची तारीख निघून जाते. आजारी माणसाला नवी पॉलिसी मिळणे फार कठीण, म्हणून आहे ती जिवापाड जपावी. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. त्यात भरला तर जुनी वर्षे फुकट जात नाहीत, पण मधल्या दिवसांतला खर्च मिळेल असे धरू नये. आधी क्लेम केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, आणि तुम्ही क्लेम केला म्हणून फक्त तुमचा हप्ता वाढवूही शकत नाही. वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकला आहे, तेव्हा पावतीवर तो लागलेला नाही ना, तेही पाहावे.

नोकरीच्या ठिकाणचा ग्रुप विमा असेल तर आणखी सावध राहावे. आजारपणात रजा संपते, माणूस राजीनामा देतो आणि त्याच दिवशी विमाही जातो. राजीनाम्याच्या आधी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करावा. कोकणातल्या घरांनी हेही लक्षात घ्यावे की आखातातल्या नोकरीचा विमा सहसा तिथे राहणाऱ्या कामगारापुरता असतो. चिपळूण-महाडला राहणाऱ्या अम्मी-अब्बांना तो उपयोगी पडत नाही.

नकार आला तर

आमच्या परिचयातल्या एका भगिनीला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले आणि कंपनीचे पत्र आले : रक्तदाब लपवला, क्लेम नामंजूर. घरच्यांनी ‘नशीब’ म्हणून पत्र ठेवून दिले. त्यांच्या पुतणीने ते उघडून वाचले, पॉलिसीची पहिली तारीख पाहिली आणि विचारले, ‘चाची, गोळी कधी सुरू झाली?’ गोळी पॉलिसीनंतर दीड वर्षाने सुरू झाली होती. जुनी चिठ्ठी सापडली, डॉक्टरांचे पत्र मिळाले, तक्रार गेली आणि पैसे आले. चार महिने लागले. भांडण कुठेच झाले नाही, फक्त चार कागद योग्य ठिकाणी गेले.

पायऱ्या अशा आहेत. पहिली, नकार लेखी घ्यावा. पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारले हे त्यात असले पाहिजे. फोनवरच्या ‘होणार नाही’ला किंमत नाही. दुसरी, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. सोबत आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करता येते. तिसरी, महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून १ वर्षाच्या आत मात्र जायला हवे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे, पण तिथे प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, हा क्रम सामान्य घराला सोयीचा.

पॉलिसीच नसेल तर

पुष्कळ घरांत पॉलिसी नसते आणि लगेच दागिने विकायला निघतात. त्याआधी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. महाराष्ट्रात ही योजना आता सर्व कुटुंबांना खुली आहे आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. पिवळे-केशरीच नव्हे, पांढरे रेशनकार्डही चालते. योजनेतल्या इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटावे. चौकशीचा क्रमांक १५५३८८. आधी खासगीत पैसे भरून मग योजनेतून परत मागता येत नाहीत, म्हणून भरतीपूर्वीच विचारावे. ७० वर्षांवरील वृद्धांना आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळते.

धर्मादाय इस्पितळांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जावे. एवढे करूनही जी तूट राहील तिथे जकात आणि सदक्याचा पैसा लावावा. जमातीच्या कमिट्यांनाही आमची विनंती आहे की मदतीचा अर्ज आला की आधी त्या घराला योजनेचा रस्ता दाखवा. तेवढ्याच पैशात आणखी दोन रुग्णांना मदत होईल.

जायज-नाजायजचा प्रश्न

हा प्रश्न आम्ही टाळत नाही. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ साली व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्याच्या विम्याला मान्यता दिली. भारतातल्या काही उलमांनी इथली परिस्थिती पाहून सवलत दिली आहे, काहींनी दिलेली नाही. फतवा देणे हे या सदराचे काम नाही. आपल्या विश्वासातल्या आलिमांना आपली परिस्थिती सांगून विचारावे आणि ते आजार येण्यापूर्वी विचारावे. सरकारी योजनेत तर घर हप्ताच भरत नाही, तेव्हा तिचा लाभ घ्यायला संकोच करू नये.

मात्र ‘कागदपत्रे कशाला, अल्लाह बघेल’ असे म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणे, साक्षीदार ठेवणे, लहानमोठा तपशील न सोडणे, हे सगळे तिथे आले आहे. तेव्हा कागद नीट ठेवण्याने तवक्कुल कमी होत नाही.

शेवटी रुग्णाविषयी दोन शब्द. उपचाराला किती लागले आणि कोणी किती दिले, हे तिच्या खाटेजवळ बोलू नका. आपल्या घरातल्या बाया ‘माझ्यापायी मुलांवर कर्ज’ या विचाराने किमो अर्ध्यावर सोडतात, गाठ महिनोन्महिने लपवतात. पण तिच्यापासून सगळेच लपवूही नका. फाईल कुठे आहे, नॉमिनी कोण आहे, पुढचा हप्ता कधी आहे, हे तिला माहीत असू द्या. पॉलिसी तिच्या नावाची आहे, सही तिची लागते आणि निर्णयही तिचा विचारावा लागतो.

ज्या घरात आज कुणी आजारी नाही, अल्हम्दुलिल्लाह, त्यांनी येत्या जुम्याच्या सुट्टीत किंवा रविवारी अर्धा तास काढावा. पॉलिसी, रेशनकार्ड आणि सर्वांची आधारकार्डे एका जागी मांडून नावे आणि जन्मतारखा जुळवून पाहाव्यात. जिथे फरक दिसेल तिथे दुरुस्तीचा अर्ज सोमवारीच द्यावा. सर्व रुग्णांना अल्लाह शिफा देवो, आणि त्यांच्या उशाशी बसलेल्यांना सब्र देवो. आमीन.